जुना वाडा गावासाठी उघडताना : वारसा-केंद्र चालवू पाहणाऱ्यांसाठी मार्गदर्शन

महाराष्ट्रातील जुन्या पेठांत आणि तालुक्याच्या गावांत असा एखादा तरी वाडा असतो, ज्याचे मालक कधीच शहरात स्थायिक झालेले आहेत, दिंडी दरवाजाला (मोठ्या दरवाजातील लहान दाराला) कुलूप आहे, माडीवर कबुतरांचा वावर आहे आणि तो पडू नये असे गावातील चार मंडळींना मनापासून वाटते. हा लेख त्या चार मंडळींसाठी आहे. वाडा ताब्यात घेऊन तेथे वाचनालय, छोटे संग्रहालय, व्याख्याने, बैठकीचे गाणे, मुलांचे वर्ग असे काही सुरू करावे ही इच्छा चांगलीच आहे. परंतु बहुतेक ठिकाणी सुरुवात उद्घाटनाच्या कार्यक्रमाने होते, दोन वर्षांत उत्साह ओसरतो आणि वाडा पूर्वीपेक्षा वाईट अवस्थेत पुन्हा बंद होतो. आम्ही आमच्या गावातील एका वाड्यात असे केंद्र चालवतो. माझ्या अनुभवात टिकलेली केंद्रे ती आहेत, जेथे कागद आधी पक्के झाले, मग छप्पर पक्के झाले आणि माणसे त्यानंतर आत आली. पुढील मांडणी त्याच क्रमाने केली आहे.

कागदपत्रे

दुरुस्तीचे अंदाजपत्रक काढण्याआधी नगर भूमापन कार्यालयातून मालमत्ता पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड) घ्यावी. ग्रामपंचायत हद्दीत घराचा नमुना ८ चा उतारा आणि नगरपालिका हद्दीत कर आकारणीचा उतारा घ्यावा. आणि एखाद्या वकिलाकडून मागील तीस वर्षांच्या नोंदणीकृत दस्तांचा शोध अहवाल करून घ्यावा. पत्रिकेवर बहुधा आजोबांचे किंवा पणजोबांचे नाव असते आणि आपल्याशी बोलणारे गृहस्थ त्यांच्या अनेक वारसांपैकी एक असतात. सर्व वारसांची, लग्न होऊन गेलेल्या मुलींसह, नावे लागल्याशिवाय आणि सर्वांच्या सह्या झाल्याशिवाय कोणताही करार पक्का समजू नये. हे काम कंटाळवाणे आहे आणि त्याला वर्ष लागू शकते, पण एका चुलतभावाची सही राहिली म्हणून पूर्ण झालेले काम न्यायालयात अडकलेले मी पाहिले आहे.

दुसरा प्रश्न भाडेकरूंचा. रस्त्याच्या बाजूला दुकाने असलेल्या वाड्यांत पिढ्यान्‌पिढ्यांचे भाडेकरू असतात आणि त्यांना महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ चे संरक्षण असते. त्यांना अडथळा मानून सुरुवात केली तर केंद्र सुरू होण्याआधीच गावात दोन तट पडतात. पुण्यातील भिडे वाड्यात सावित्रीबाई आणि जोतीराव फुले यांनी १८४८ मध्ये मुलींची शाळा सुरू केली; तेथे राष्ट्रीय स्मारक व्हावे ही मागणी असताना महापालिका आणि तेथील गाळेधारक यांच्यातील वाद वर्षानुवर्षे न्यायालयात चालला, दरम्यान इमारत खचत गेली आणि डिसेंबर २०२३ मध्ये ताबा मिळाला तेव्हा ती उतरवून नव्या स्मारकासाठी जागा मोकळी करण्यात आली. वाद मिटेपर्यंत वाडा थांबत नाही, हे त्यातून ध्यानात घ्यावे. शक्य असेल तेथे जुन्या दुकानदाराला केंद्राचा भाग करून घ्यावे. दर्शनी बाजूला दिवसभर उघडे राहणारे दुकान ही वाड्याची फुकटची राखण असते.

करार कशा प्रकारचा असावा, हे मालकांच्या इच्छेवर अवलंबून आहे. कुटुंब तयार असेल तर बक्षीसपत्र सर्वांत सुटसुटीत. नाहीतर दीर्घ मुदतीचा भाडेपट्टा करावा आणि तो नोंदवावा; एक वर्षाहून अधिक मुदतीचा भाडेपट्टा नोंदणीशिवाय ग्राह्य धरला जात नाही. अकरा महिन्यांच्या करारावर छपराचे काम मुळीच काढू नये. आम्ही ही चूक केली होती. माडीचा गिलावा आणि कौलांचे काम लोकवर्गणीतून पुरे झाले आणि नूतनीकरणाच्या वेळी मालकांच्या घरात मतभेद होऊन दीड वर्ष वाडा बंद राहिला. त्या घरातील माणसे वाईट नव्हती. आम्ही करारात खर्चाचा, मुदतीचा आणि वारसबदलाचा उल्लेखच केला नव्हता. दुरुस्ती कोणी करायची, कर कोणी भरायचा, मालकांच्या कुळाचाराला देवघर कोणत्या दिवशी मोकळे ठेवायचे, येथपर्यंत सर्व लिहून घ्यावे. देवघराचा मुद्दा किरकोळ वाटतो, पण नवरात्रात घरच्या मंडळींना हक्काने येता आले तर त्यांचा आणि वाड्याचा संबंध तुटत नाही, आणि अडचणीच्या वेळी तीच मंडळी मदतीला येतात.

संस्था आणि तिचे हिशेब

वैयक्तिक नावाने केंद्र चालवू नये. महाराष्ट्रात विश्वस्त संस्था महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, १९५० खाली धर्मादाय आयुक्तांकडे नोंदवली जाते. १८६० च्या संस्था नोंदणी अधिनियमाखालील मंडळालाही येथे विश्वस्तव्यवस्था म्हणून नोंदणी करावी लागते. विश्वस्त बदलले की ९० दिवसांत बदल अर्ज द्यावा लागतो, हिशेब तपासून घ्यावे लागतात, आणि वाडा संस्थेच्या मालकीचा झाला तर तो विकण्यासाठी किंवा तीन वर्षांहून अधिक मुदतीच्या भाड्याने देण्यासाठी कलम ३६ खाली धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी घ्यावी लागते. नवख्यांना ही अट जाचक वाटते. मला ती वाड्याचे सर्वांत मोठे संरक्षण वाटते. आपल्या पश्चात येणाऱ्या विश्वस्तांना मोह झाला तरी वाडा सहज हातातून जाणार नाही, याची ती हमी आहे.

विश्वस्तांत एखादा हिशेब जाणणारा, एखादा बांधकामातला, मालकांच्या घरातील एक व्यक्ती आणि त्याच आळीत राहणाऱ्या किमान दोन व्यक्ती असाव्यात. आळीतील विश्वस्त नसेल तर रात्री पन्हळ तुटल्याचे कळायला आठवडा लागतो.

दर्जा तपासणे आणि वापरबदलाची परवानगी

वाडा केंद्र सरकारच्या यादीत असेल तर १९५८ चा कायदा, राज्य पुरातत्त्व विभागाच्या यादीत असेल तर १९६० चा राज्य कायदा, आणि महापालिकेच्या वारसा यादीत असेल तर स्थानिक विकास नियंत्रण नियमावली लागू होते. मुंबईत वारसा नियमावली १९९५ मध्ये आली आणि तेथे श्रेणी एक, दोन-अ, दोन-ब आणि तीन अशी वर्गवारी आहे. श्रेणी एकच्या वास्तूत आतबाहेर जवळजवळ काहीच बदलता येत नाही, तर श्रेणी तीनमध्ये बरीच मोकळीक असते. आपला वाडा स्वतः कोणत्याही यादीत नसला, तरी जवळ केंद्रीय संरक्षित स्मारक असेल तर त्याच्या हद्दीपासून १०० मीटर प्रतिबंधित आणि त्यापुढील २०० मीटर नियंत्रित क्षेत्र असते, आणि तेथे दुरुस्तीलाही सक्षम प्राधिकाऱ्याची परवानगी लागते. किल्ल्याच्या किंवा जुन्या देवळाच्या सावलीतल्या वाड्यांच्या बाबतीत ही गोष्ट हमखास राहून जाते.

राहत्या घराचे सार्वजनिक केंद्र करणे हा वापरातील बदल आहे आणि त्याला नगररचना विभागाची मान्यता घ्यावी लागते. याचे सर्वांत बोलके उदाहरण महाराष्ट्राबाहेरचे आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर लंडनमध्ये शिकत असताना १९२१-२२ मध्ये ज्या घरात राहिले, ते किंग हेन्रीज रोडवरील दहा क्रमांकाचे घर महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये घेऊन स्मारक म्हणून खुले केले. परंतु निवासी घराचे संग्रहालय करण्यास आवश्यक ती नियोजन परवानगी झालेली नव्हती. शेजारच्या काही रहिवाशांनी वर्दळीबद्दल तक्रार केली, मागाहून मागितलेली परवानगी स्थानिक कौन्सिलने नाकारली, प्रकरण चौकशीपर्यंत गेले आणि मार्च २०२० मध्ये अखेर संग्रहालयास मान्यता मिळाली. एवढे मोठे नाव आणि एक राज्य शासन पाठीशी असतानाही जर असे होऊ शकते, तर आपण शेजाऱ्यांशी आणि नगरपालिकेशी आधीच बोललेले बरे.

एक पावसाळा नुसते पाहणे

ताबा मिळाला की लगेच सुतार-गवंडी बोलावण्याची घाई होते. ती आवरावी आणि शक्य असल्यास एक संपूर्ण पावसाळा वाडा नुसता पाहावा. फक्त पडू शकणाऱ्या भागाला लाकडी टेकू द्यावेत आणि छपरावर तात्पुरते ताडपत्रीचे आच्छादन करावे. जूनमध्ये पहिली मोठी सर आली की वहीपेन्सिल घेऊन खोलीखोलीत फिरावे: कोठे गळते, पागोळ्यांचे पाणी जोत्यावर कोठे उडते, चौकातील पाणी मोरीतून बाहेर जाते की तुंबते, भिंतीवर ओल किती हात वर चढते. वाड्याचे नव्वद टक्के आजार पाण्यामुळे असतात, असे माझे मत आहे, आणि पाण्याची वाट उन्हाळ्यात दिसत नाही.

वाड्याची रचना समजून घेतल्याशिवाय पाहणीला अर्थ येत नाही. दगडी जोते, त्यावर तळखड्यांवर (बैठकीच्या दगडांवर) उभे सागवानी खांब, खांबांवर तुळया, तुळयांवर कड्या (लहान आडवी लाकडे) आणि कड्यांवर पाट (फळ्या), अशी ही चौकट असते. भिंती मातीच्या, विटांच्या किंवा दगडमातीच्या असतात आणि पुष्कळ ठिकाणी भार लाकडी चौकट पेलते. त्यामुळे भिंत वाईट दिसली तरी वाडा उभा असतो, आणि उलट, भिंतीला नुकताच रंग दिलेला असूनही आतले लाकूड कुजलेले असू शकते. तुळईचे जे टोक भिंतीत गाडलेले असते ते सर्वांत आधी कुजते, कारण भिंतीची ओल तेथे मुरते. प्रत्येक टोकाशी बारीक टोच्याने टोचून पाहावे आणि लाकडी मोगरीने हलके ठोकून आवाज ऐकावा. पोकळ आवाज आला तर जाणकार सुताराला दाखवावे. भिंतीतील तड्यांवर काचेची पातळ पट्टी प्लास्टरने चिकटवून तारीख लिहावी. पट्टी महिनोन्‌महिने शाबूत राहिली तर तडा जुना आहे; ती फुटली तर भिंत हलते आहे आणि लगेच अभियंत्याला बोलवावे.

देशावरील कित्येक वाड्यांचा काही भाग धाब्याचा, म्हणजे माळवदाचा असतो. कड्या-पाटांवर मातीचा जाड थर असे हे सपाट छप्पर दर उन्हाळ्यात पांढरी माती टाकून धुमसावे, म्हणजे ठोकून घट्ट करावे लागते. हे काम करणारी माणसे कमी झाल्यामुळे आता माळवदावर सिमेंट काँक्रीटचा थर ओतण्याची पद्धत पडली आहे. ती टाळावी. काँक्रीटचे वजन जुन्या कड्यांवर येते, त्याला भेगा पडतात, भेगांतून गेलेले पाणी खाली मातीत अडकते आणि वरून काही न दिसता लाकूड आतल्या आत कुजत जाते.

हाच दोष भिंतींवर सिमेंटचा गिलावा केल्याने होतो. मातीची आणि चुन्याची भिंत श्वास घेते. जमिनीतून चढलेली ओल ती पृष्ठभागावरून बाहेर टाकते. सिमेंटने ती वाट बंद केली की ओल आणखी वर चढते, लोणा (क्षारांचा पांढरा थर) धरतो आणि गिलाव्याचे पोपडे विटांचे तोंड घेऊन पडतात. म्हणून दुरुस्ती चुन्यानेच करावी. चुना पुरेसा भिजवलेला असावा, वाळू मिठाची नसावी, शक्य असेल तेथे चुन्याच्या घाण्यात मळून घ्यावा. जुने कारागीर त्यात गूळ, बेलफळाचे पाणी किंवा हिरडा घालत, आणि असे काम जाणणारे गवंडी आजही मिळतात. चुन्याचा गिलावा हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषून हळूहळू घट्ट होतो, त्यामुळे तो भर उन्हात करू नये, ओली गोणपाटे लावून सावलीत ठेवावा आणि घाईने रंगवू नये. लाकडाला ऑइलपेंट न देता जवसाचे तेल द्यावे. भिंतीत पिंपळ रुजला असेल तर तो उपटू नये, कारण मुळांबरोबर दगडही येतात. खोड कापून मुळावर औषध लावावे आणि मूळ मेल्यावर पोकळी चुन्याने भरावी.

येथे एक सूचना मनापासून करतो. वारसा जतनाचा अनुभव असलेल्या वास्तुविशारदाचे शुल्क हा वायफळ खर्च समजू नये. इन्टॅक ही संस्था १९८४ पासून या क्षेत्रात काम करत आहे आणि तिच्या स्थानिक शाखांकडून निदान योग्य माणसाचे नाव मिळू शकते.

माडीवर किती माणसे

उद्घाटनाच्या दिवशी दिवाणखान्यात दोनशे माणसे बसवण्याचा मोह प्रत्येकाला होतो. भारतीय मानकांनुसार राहत्या घराच्या जमिनीवर चौरस मीटरला साधारण २०० किलो चालता भार (माणसांचा आणि सामानाचा) धरतात, तर पक्क्या खुर्च्या नसलेल्या सभागृहासाठी साधारण ५०० किलो. म्हणजे जी माडी एका कुटुंबासाठी पुरेशी होती, तिच्यावर सभा भरवणे हा अडीचपट भाराचा प्रश्न आहे, आणि तोही शंभर-दीडशे वर्षांच्या लाकडावर. संरचना अभियंत्याकडून प्रत्येक माडीची माणसांची मर्यादा लेखी घ्यावी, ती जिन्याच्या तोंडाशी ठळक अक्षरांत लावावी आणि पाहुणे कितीही मोठे असले तरी मोडू नये. आमच्याकडे माडीची मर्यादा चाळीस आहे. मोठे कार्यक्रम चौकात आणि ओसरीवर होतात, आणि खरे सांगायचे तर ते तेथेच शोभतात. चौकात गायक आणि चारही सोप्यांवर (चौकाभोवतीच्या ओसऱ्यांवर) श्रोते बसले की आवाज जसा फिरतो, तसा कोणत्याही नव्या सभागृहात फिरत नाही.

आग आणि वीज

पुण्यातील शनिवारवाड्याची आतील सारी इमारत फेब्रुवारी १८२८ मध्ये आगीत गेली. मे १८७९ मध्ये बुधवार वाडा जळाला आणि त्याच वेळी विश्रामबागवाड्याचाही मोठा भाग जळाला. लाकडी वाड्याला पाण्याखालोखाल भय आगीचे असते आणि आज ती बहुधा विजेच्या तारांतून लागते. जुन्या सर्व तारा काढून नव्या, नळीतून नेलेल्या तारा घालाव्यात. प्रत्येक भागाला स्वतंत्र एमसीबी (जादा भार आल्यास वीज आपोआप तोडणारा स्विच) आणि संपूर्ण वाड्याला विजेची गळती होताच प्रवाह तोडणारा स्विच असावा. बोर्ड थेट लाकडावर बसवू नयेत. मांडववाल्यांना आणि ध्वनिक्षेपकवाल्यांना घरातल्या बोर्डावरून तार ओढू देऊ नये. त्यांच्यासाठी चौकात वेगळी जोडणी काढून ठेवावी. शेवटचा माणूस बाहेर पडताना मुख्य स्विच बंद झालाच पाहिजे.

समया, उदबत्त्या आणि कापूर यांना बंदी घालणे मला पटत नाही, कारण वाड्यात दिवेलागण व्हावी. मात्र ज्योत दगडी जोत्यावर किंवा पितळी परातीत, पडद्यांपासून दूर आणि कोणीतरी जवळ बसलेले असताना असावी. महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निप्रतिबंधक कायद्यानुसार अग्निशमन यंत्रणा ठेवणाऱ्या इमारतीला परवानाधारक संस्थेकडून तपासून घेऊन दर जानेवारी आणि जुलैत तसे प्रमाणपत्र द्यावे लागते. वाड्याला बहुधा एकच दिंडी असते, आणि दिंडीतून एका वेळी एकच माणूस वाकून जातो. कार्यक्रम असताना मोठा दरवाजा पूर्ण उघडा ठेवावा आणि मागील अंगणाचे दार, वर्षानुवर्षे बुजवलेले असले तरी, मोकळे करून घ्यावे.

खोल्या कशाने भरायच्या

पहिल्या वर्षी तीन खोल्यांपेक्षा जास्त उघडू नयेत. एका खोलीत रोज उघडणारे काहीतरी असावे, उदाहरणार्थ वाचनालय किंवा मुलांचा अभ्यासवर्ग. एका खोलीत वाड्याची आणि गावाची माहिती सांगणारे छोटे प्रदर्शन असावे. आणि एक खोली तालमी, बैठका, शिवणवर्ग अशा कामांसाठी ठरलेल्या दराने मिळावी. रोज दोन माणसे येणारे वाचनालय वर्षातून दोनदा होणाऱ्या महोत्सवापेक्षा वाड्याच्या जास्त उपयोगी पडते, कारण रोज दार उघडते, हवा खेळते, वाळवीची रेघ दुसऱ्या दिवशी दिसते. विश्रामबागवाडा १८०७ मध्ये दुसऱ्या बाजीरावासाठी बांधला गेला, १८२१ पासून तेथे संस्कृत पाठशाळा भरली, पुढे सरकारी कचेऱ्या आणि टपाल कार्यालय आले. त्याला सतत कोणी ना कोणी वापरत राहिले, हे त्याच्या टिकण्याचे एक कारण आहे. मुंबईच्या मणिभवनात, जेथे गांधीजी १९१७ ते १९३४ या काळात मुंबईत आले की उतरत, त्यांची साधी खोली तशीच ठेवून त्याच घरात मोठे ग्रंथालय चालवले जाते. एक खोली स्मृतीची आणि बाकीचे घर कामाचे, ही वाटणी अनुकरणीय आहे.

प्रदर्शनासाठी लोक वस्तू आणून देऊ लागतात: अडकित्ते, पानाचे डबे, बंब, जाती, पाटे-वरवंटे. दिलेली प्रत्येक वस्तू घेऊ नये. राजा दिनकर केळकर संग्रहालयाचा वीस हजारांहून अधिक वस्तूंचा संग्रह कै. दिनकर केळकरांनी आयुष्यभर जमवून १९७५ मध्ये राज्य शासनाला दिला, आणि त्यातीलही थोडाच भाग एका वेळी मांडता येतो. आपली ओसरी तर त्याहून कितीतरी लहान. जी वस्तू या गावाची, या वाड्याची गोष्ट सांगते तीच घ्यावी, दानपत्रावर देणाऱ्याची सही घ्यावी, नोंदवहीत क्रमांक, माप, छायाचित्र आणि कोणाकडून आली ते लिहावे. १९७२ च्या पुरावशेष कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुनी शिल्पे, चित्रे आणि ७५ वर्षांहून जुनी हस्तलिखिते यांना विशेष नियम लागू होतात, तेव्हा अशा वस्तू आल्या तर राज्य पुरातत्त्व विभागाच्या नोंदणी अधिकाऱ्याला विचारूनच पुढे जावे.

जुन्या फडताळांत मोडी लिपीतील कागद मिळतील. त्यांना चिकटपट्टी लावू नये आणि लॅमिनेशन तर मुळीच करू नये. ते झटकून, सपाट ठेवून, धुतलेल्या सुती रुमालात बांधावेत. पेशवे दप्तरातील कागद याच पद्धतीने रुमालांत राहिले. मग त्यांची छायाचित्रे काढून मोडी वाचणाऱ्याला दाखवावीत. १९१० मध्ये स्थापन झालेल्या भारत इतिहास संशोधक मंडळासारख्या संस्थांतून अशी माणसे सापडतात. वाचन होईपर्यंत हे कागद बैठकीत भिंतीवर टांगण्याची घाई करू नये.

गोष्ट कोणाची सांगायची

माहितीफलक लिहिताना सरदारांच्या किंवा सावकारांच्या पराक्रमावर थांबण्याचा सहज कल होतो. वाडा बांधणारे सुतार आणि पाथरवट, देवडीवरचे (दरवाजाजवळच्या पहाऱ्याच्या जागेवरचे) शिपाई, माजघरात उजेडावाचून आयुष्य काढलेल्या स्त्रिया, सोवळ्यातल्या विधवा, आणि ज्यांना चौकापर्यंत येण्याचीही मुभा नव्हती ते लोक, यांच्यावाचून वाड्याची गोष्ट अपुरी आहे. आमच्या वाड्याच्या उंबऱ्याबाहेर एक दगडी कट्टा आहे. त्यावर कोण बसत असे आणि ते आत का येत नसत, हे आम्ही फलकावर लिहिले. काहींना ते आवडले नाही. परंतु त्या कट्ट्यावर ज्यांचे आजोबा बसत, त्यांची नातवंडे आज आमच्या वाचनालयात बसतात, आणि त्यांना तो फलक वाचता यावा असे आम्हाला वाटते. पुण्याच्या गंज पेठेतील फुले वाड्यातील पाण्याचा हौद जोतीरावांनी १८६८ मध्ये अस्पृश्य मानल्या गेलेल्यांसाठी खुला केला. एका घरातील पाण्याची टाकी केवढा इतिहास सांगू शकते, ते तेथे उभे राहून कळते.

यासाठी ऐंशीच्या पुढच्या मंडळींच्या आठवणी ध्वनिमुद्रित करण्याचे काम पहिल्याच महिन्यात सुरू करावे. छपराचे काम पुढल्या उन्हाळ्यापर्यंत थांबू शकते, हे थांबू शकत नाही. आठवणी सांगणाऱ्याला प्रश्नावली न देता वाड्यातच न्यावे. माजघरात शिरल्यावर आजींना जे आठवते ते त्यांच्या घरी बसून आठवत नाही.

शेजार, स्वच्छतागृह आणि इतर व्यवहार

ध्वनिक्षेपक रात्री दहाला बंद, हा कायदा आहे. आपण तो साडेनऊचा करावा. कार्यक्रमाची तारीख आळीतील प्रत्येक घरी आधी सांगावी आणि वाहने गावाच्या मैदानावर लावण्याची सोय करावी. स्वच्छतागृह वाड्याच्या जुन्या भिंतीला चिकटवून बांधू नये, परसात स्वतंत्र बांधावे, नाहीतर त्याची ओल वर्षभरात माजघरात येते. उंच जोत्यापुढे चाकाच्या खुर्चीसाठी काढता-घालता येणारा लाकडी उतार ठेवावा. लग्नसमारंभासाठी वाडा द्यावा की नाही, यावर मतभेद होतात. आम्ही साखरपुडा आणि केळवणापर्यंत देतो, स्वयंपाक बाहेर करून आणण्याच्या अटीवर. गॅसच्या शेगड्या चौकात लावू देत नाही.

पैसा

एकदाच लागणारा आणि दरवर्षी लागणारा पैसा वेगळा मोजावा. पहिल्यासाठी देणगीदार मिळतात: कंपनी कायदा, २०१३ च्या सातव्या अनुसूचीत ऐतिहासिक वास्तूंचे जतन हा विषय समाविष्ट असल्यामुळे कंपन्यांचा सामाजिक दायित्व निधी त्यासाठी मागता येतो, आणि देणगीदाराला प्राप्तिकरात सवलत मिळवून देणाऱ्या नोंदणीमुळे व्यक्तींच्या देणग्या येतात. खरी अडचण दुसऱ्या पैशाची आहे. पहारेकऱ्याचा पगार, वीजबिल, मालमत्ता कर, विमा, दर उन्हाळ्यातील कौले आणि चुना यांसाठी कोणी शिला बसवून देणगी देत नाही. म्हणून प्रत्येक मोठ्या देणगीचा ठरावीक हिस्सा कायम निधीत टाकण्याचा नियम पहिल्याच सभेत करून घ्यावा. बाकी भर वर्गांच्या शुल्कातून, खोल्यांच्या भाड्यातून आणि 'एक कडी, एक घर' अशा वार्षिक वर्गणीतून घालता येते. आमच्या गावात अमुक तुळई आमच्या घरची, असे लोक अभिमानाने सांगतात आणि पावसाळ्यात स्वतः येऊन ती पाहून जातात.

वर्षाचे वेळापत्रक

चैत्र-वैशाखात कौले चाळावीत, माळवद धुमसावे, पन्हळी आणि मोऱ्या साफ कराव्यात. मृगाआधी वाळवीची तपासणी करावी. पावसाळ्यात मोठे कार्यक्रम नकोत. हे दिवस मोडी वर्गाचे आणि नोंदवह्या पुऱ्या करण्याचे. गणपती ते दिवाळी वाडा गजबजलेला असतो, तेव्हा विजेची तपासणी भाद्रपदाआधी उरकावी. १८ एप्रिलचा जागतिक वारसा दिन आणि १९ ते २५ नोव्हेंबरचा वारसा सप्ताह शाळांना बोलावण्यासाठी सोयीचे असतात. मुलांना नुसते दाखवू नये, त्यांना एकेका खांबाचे माप घेऊन नकाशा काढायला लावावे.

आणि कुलूप-किल्ल्यांचा प्रश्न पहिल्याच आठवड्यात सोडवावा. दिंडीच्या तीन किल्ल्या असाव्यात: एक पहारेकऱ्याकडे, एक शेजारच्या घरी, एक कार्यवाहांकडे. मालकांच्या घरच्यांना आत यायचे असेल तर त्यांनी शेजारच्या घरून घ्यावी. देवडीत एक वही ठेवावी आणि जो उघडेल त्याने वेळ, नाव आणि त्या दिवशी वाड्यात नजरेस आलेली एक गोष्ट लिहावी. आमच्या वहीतील मागच्या जुलैची एक नोंद अशी आहे: 'सकाळी सात. ईशान्येच्या सोप्यात तिसऱ्या कडीखाली ओलीचा डाग, रुपयाएवढा.' त्याच दुपारी कौल बदलले गेले.